कांडोळची पानगळ म्हणजे मर रोग नव्हे

प्रश्न: आरेतल्या आमच्या पाड्यामागे कातळाच्या उतारावर दोन वर्षांपूर्वी कांडोळची (डिंक देणारं, पांढऱ्या खोडाचं जंगली झाड) आठ रोपं लावली. डिसेंबरात सगळी पानं गळाली. दुकानदाराने ‘मर आहे’ (रोप सुकवून मारणारा बुरशीचा रोग) म्हणून बुरशीनाशक आणि युरिया दिला. शिवाय, वाडीतल्या जुन्या कांडोळला भोक पाडून औषध भरलं की डिंक भरपूर सुटतो, असं एक व्यापारी सांगतो. काय करू?

उत्तर: बुरशीनाशकाची पुडी फोडली नसेल तर परत करा. कांडोळ हिवाळ्यात पानं टाकतंच. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात फेब्रुवारीत बघा, पांढरी खोडं उभी, पान एक नाही. उगाच का त्याला भुताचं झाड म्हणतात! नखाने साल जराशी खरवडा. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत. कोरडं, तपकिरी दिसलं तर गेलं, ते कुठल्याच औषधाने उठायचं नाही.

युरिया नको. रोजचं पाणीही नको. कोवळ्या रोपाचं मूळ गाजरासारखं फुगीर असतं, पाणी त्यातच साठतं. आळ्यात पाणी तुंबलं की ते सडतं. मी पाहिलेली बहुतेक रोपं अशी लाडानेच मेली.

आता डिंक. व्यापारी जे औषध म्हणतोय ते इथेफॉन असणार, फळं पिकवायला वापरतात तेच. त्याच्याकडे माप नसतं, ‘थोडं जास्तच टाका’ एवढंच. जास्त गेलं की जखम भरत नाही, झाड खंगत जातं. तो डिंक घेऊन जाईल, वाळलेलं खोड तुमच्या वाडीत राहील. भोक पाडू नका, औषध भरू नका. पार्काच्या हद्दीतल्या झाडाला तर ओरखडाही नको.

पुढच्या वेळी पिशवीतलं रोप आणू नका. पिशवीत मूळ वळतं, मग कातळात शिरत नाही. एप्रिल-मेमध्ये फळं तडकतात, तेव्हा बी गोळा करा. फळावरची लव भयंकर खाजते, हातमोजे घाला. जूनचा पहिला दमदार पाऊस पडला की कातळाच्या भेगेतल्या मातीत दोन-दोन बिया टोका. उताराच्या खालच्या अंगाला दगडांचा अर्धचंद्र रचा. बस.

लागवडीला सरकारी अनुदान मिळेल म्हणाल, तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना फळझाडांची, कांडोळ तिच्यात नाही. जुनं झाड तोडायचं असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

आणि जानेवारीतच रोपांभोवतीचं वाळलं गवत काढा. उतारावर वणवा पेटला की पहिली हीच जातात.