खानावळीतल्या कामगारांना टायफॉईडची कोणती लस द्यावी? ती दरवर्षी घ्यावी लागते का?

तुमच्या खानावळीत सहा कामगार आहेत, अन्न परवान्यासाठी त्यांचे वैद्यकीय दाखले हवेत, मेडिकलमध्ये एक स्वस्त आणि एक महाग अशा दोन लशी मिळतायत आणि एजंट म्हणतोय की दरवर्षी टोचावं लागेल. आधी एजंटाचं बघू. दरवर्षी टोचायची गरज नाही. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांतल्या अनुसूची ४ मध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: कामगारांची वैद्यकीय तपासणी वर्षातून एकदा, आणि टायफॉईड गटाच्या रोगांवरची लस तिच्या ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे. दोन्हींची सरमिसळ झाली की कामगाराच्या दंडात उगाच सुई जाते.

स्वस्त लस म्हणजे जुनी, साधी 'व्हीआय पॉलिसॅकराइड'. टायफॉईडच्या जंतूवरच्या साखरेच्या आवरणाचे २५ मायक्रोग्रॅम तिच्यात असतात. ती २ वर्षांपुढच्या कुणालाही चालते, पण शरीर ती फार काळ लक्षात ठेवत नाही, म्हणून दर ३ वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. महाग ती कॉन्ज्युगेट, म्हणजे टीसीव्ही. तिच्यात तीच साखर एका प्रथिनाला जोडलेली असते (बहुतेक वेळा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, म्हणजे निष्प्रभ केलेल्या विषाला), त्यामुळे प्रतिकारशक्ती जास्त पक्की बनते. नेपाळ, बांगलादेश आणि मलावीतल्या मुलांवरच्या चाचण्यांत तिने टायफॉईडचं प्रमाण साधारण ८० टक्क्यांनी कमी केलं, आणि मलावीत ४ वर्षांनंतरही संरक्षण टिकून होतं. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये लाखाहून जास्त मुलांना दिली ती हीच. एकच डोस असतो. कामगार टिकणारे असतील तर माझं मत सरळ टीसीव्हीला. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ४५ वर्षांपर्यंत आहे. तुमचा आचारी त्याहून मोठा असेल, तर खोक्यातल्या पत्रकावर त्या कंपनीची वयोमर्यादा बघा, नाहीतर त्याला साधी लस द्या.

घोळ बहुतेक वेळा मेडिकल ते दवाखाना या वाटेवर होतो. लस २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. सहा डोस पिशवीत टाकून दुपारभर बाजारहाट केला तर गरम होतात, आणि बर्फाला चिकटवून नेले तर गोठतात. गोठलेली लस वितळली तरी ती फेकायचीच. डब्यात बर्फ आणि लस यांच्यामध्ये कापडाची जाड घडी ठेवा. त्याहून बरं म्हणजे दवाखान्यातल्याच फ्रिजमधली लस घ्या. बाटलीवर उष्णता लागली का ते दाखवणारी गोल खूण असेल तर आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट हवा. रंग सारखा किंवा गडद दिसला तर ती बाटली नको.

डोस अर्धा मिली, दंडाच्या स्नायूत. खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं सोडून, सुई काटकोनात. शर्टाची बाही नुसती वर सरकवून टोचलं की जागा चुकते आणि सुई फार वर सांध्याकडे किंवा फार खाली जाते. पूर्ण खांदा उघडा करायला सांगा. कुल्ल्यावर नको, तिथे लस चरबीत अडकते. टोचल्यावर चोळू नये, कापूस नुसता दाबून धरावा. माणसाला बसवूनच टोचा आणि पुढचा अर्धा तास तिथेच थांबवा. चक्कर येणं नेहमीचं. अॅलर्जीची गंभीर रिअॅक्शन क्वचित येते, पण आली तर याच वेळात, आणि तेव्हा अॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी लागतं.

एक-दोन दिवस दंड ठणकतो, कधी अंग गरम होतं. पातेली उचलणाऱ्याला म्हणून डाव्या हातात द्या (डावखुरा असेल तर उजव्या), आणि सहाही जणांना एकाच दिवशी नेऊ नका. तिघे आधी, तिघे पुढच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी. अंगात ताप असेल, तर तो उतरेपर्यंत थांबा. कुणाला नुकताच टायफॉईड होऊन गेला असेल, तर बरं झाल्यावर साधारण महिनाभराने द्या. रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण किंवा आधीच्या लशीची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

यातली कुठलीच लस पॅराटायफॉईड 'ए' या टायफॉईडसारख्याच तापावर चालत नाही, कारण त्या जंतूला हे आवरणच नसतं. आणि पित्ताशयात जंतू घेऊन फिरणारा माणूस लशीने जंतुमुक्त होत नाही. विडाल ही टायफॉईडची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून कुणी वाहक ठरत नाही. त्यासाठी शौचाचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याची तपासणी, करावं लागतं, तेही एकाहून जास्त वेळा.

संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. नवा मुलगा तोपर्यंत भांडी, भाजी निवडणं यावर ठेवा. कोशिंबीर, चटणी, पिण्याचं पाणी त्याच्याकडे नको. दाखल्यावर लशीचं नाव, बॅच नंबर, मुदत आणि तारीख लिहून घ्या, आणि बाटलीच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. नुसतं 'टायफॉईड लस दिली' एवढंच लिहिलं असेल, तर तीन वर्षांनी साधी दिली होती की कॉन्ज्युगेट हे कुणालाच कळत नाही, आणि परत टोचावं लागतं.