काळ्या जमिनीतले मीठ बाटलीने जात नाही

प्रश्न: मी घाटकोपरला राहतो. वाळवा तालुक्यात आमची तीन एकर भारी काळी जमीन असून भाऊ ऊस करतो. विहिरीचे पाणी दर वीस दिवसांनी सरी तुडुंब भरेपर्यंत सोडले जाते. दोन वर्षांपासून वरंब्यावर मीठ फुटते आणि खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस) पिवळा पडतो. दुकानदाराने क्षार काढणारे द्रव आणि एकरी वीस पोती जिप्सम (जमीन सुधारण्यासाठी घालायचे कॅल्शियमयुक्त खनिज) सांगितले असून पोती घरी येऊन पडली आहेत. काय करावे?

उत्तर: द्रव घेऊ नये आणि माती तपासल्याशिवाय जिप्समचे एकही पोते फोडू नये. पूर्व द्रुतगती मार्गाने जाताना भांडुप-मुलुंडकडची मिठागरे आपण पाहिली असतील. उथळ वाफ्यात पाणी घ्यायचे, त्याला बाहेर पडू द्यायचे नाही आणि उन्हात आटवायचे, एवढेच तिथले काम. आपल्या शेतातही तेच चालले आहे. पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचे माप, 1 डेसीसायमन प्रति मीटर धरली, तर लिटरमागे सुमारे 640 मिलिग्रॅम क्षार येतात. 8 सेंटीमीटर पाणी भरणाऱ्या एका पाळीला एकरी दोन क्विंटल आणि वर्षात अशा बारा पाळ्या दिल्या तर 25 क्विंटलच्या आसपास. एवढे मीठ दोन लिटरच्या बाटलीने नाहीसे होईल असे सांगणाऱ्याचा हिशोब वेगळा असतो. क्षार विरघळून पाण्याबरोबर शेताबाहेर गेले तरच जातात.

वीस दिवसांच्या अंतराचा दोष यापेक्षा मोठा आहे. तेवढ्या काळात भारी जमिनीला भेगा पडतात, पुढच्या पाळीचे पाणी भेगांतून सरळ खाली उतरते, ढेकळांच्या पोटातले क्षार जागीच राहतात आणि खालची पाणीपातळी मात्र वर येते. ती दीड मीटरच्या आत आली की ओल केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांतून, वर चढून पृष्ठभागावर मीठ टाकत राहते. म्हणून शेताच्या सखल कोपऱ्यात दीड मीटरचा खड्डा घेऊन एक दिवसाने पाणी किती खोलीवर उभे राहते ते पाहावे. पाणी दिसले, तर मोकाट पाणी त्याच दिवशी बंद करावे.

मेअखेरपूर्वी उताराच्या बाजूला तीन ते साडेतीन फूट खोल चर काढून त्याचे तोंड ओढ्याला मिळवावे. पावसाच्या पाण्यासारखे गोडे आणि फुकट पाणी दुसरे नाही, परंतु त्याला बाहेर जायला वाट नसेल तर तेही पाणथळच वाढवते. चर झाल्यावर ठिबक बसवून रोज किंवा दिवसाआड, वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती) टिकेल इतकेच पाणी द्यावे. मी ठिबकचा आग्रह धरतो हे खरे, तरी चराशिवाय ठिबक हा अर्धाच उपाय आहे.

आता जिप्सम. मातीचा सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम, 15 टक्क्यांहून अधिक असेल, म्हणजे जमीन चोपण असेल, तरच जिप्सम लागते. ते प्रयोगशाळेने काढून दिलेल्या मात्रेत, रिकाम्या रानात, वरच्या थरात मिसळून, पावसाळ्याच्या तोंडावर आणि निचरा तयार असतानाच द्यायचे असते. नुसत्या क्षारपड, म्हणजे क्षार साठलेल्या पण चोपण नसलेल्या, जमिनीत जिप्सम टाकणे म्हणजे मिठात आणखी मीठ घालणे होय. उभ्या उसात तर टाकूच नये. नमुना 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंटीमीटरमधून वेगवेगळा घ्यावा. वरचा पांढरा पापुद्रा खरवडून नेला तर अहवाल खोटाच येईल. खोडवा पिवळा दिसतो म्हणून युरियाचा डोस वाढवू नये, कोणी सांगितले तरी वाढवू नये. मुळांना मिठामुळे पाणी ओढता येत नाही आणि जादा खत त्या मिठातच भर घालते.

प्रश्न (शिरोळ तालुका): ठिबक असूनही ओळींच्या मधे पांढरी पट्टी दिसते आणि पहिल्या पावसानंतर मिरचीची रोपे करपली. असे का?

उत्तर: ठिबक क्षारांना घालवत नाही, ओलाव्याच्या कडेला ढकलते. हलकी सर आली की तेच क्षार विरघळून मुळांकडे परततात आणि आपण नेमके त्याच वेळी, पाऊस आला म्हणून, ठिबक बंद करता. जमीन खोलवर भिजेपर्यंत पावसातही ठिबक चालू ठेवावे. पुढची लागण नळीलगतच करावी, पांढऱ्या पट्टीत करू नये.

ठिबकच्या अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 आणि इतरांना 45 टक्के अनुदान मिळते; पूर्वसंमतीआधी संच विकत घेऊ नये. घाटकोपरच्या शेतकऱ्यांनी भावाला आजच फोन करावा आणि दुकानदार परत घेत असेल तर पोती पावतीसह परत करावीत.