मिशनरी गरिबांना मदत करायचे ती फक्त धर्मांतरासाठीच का?

'फक्त' म्हणणं पटत नाही. 'अजिबात नाही' म्हणणंही भाबडेपणाचं. पंडिता रमाबाईंचंच बघा. १८८३ मध्ये इंग्लंडला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत विधवा-मुलींसाठी शारदा सदन ही निवासी शाळा काढली. पुढे ही शाळा पुण्यात आल्यावर मुली ख्रिस्ती होतायत म्हणून गदारोळ झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर हे सुधारक शाळेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली परत नेल्या. तो राग निराधार नव्हता, रमाबाईंनी श्रद्धा कधी लपवली नाही.

पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना घेऊन आल्या. त्यांना ठेवलं केडगावला (तेच, दौंडच्या वाटेवरचं). तिथे विहिरी खणल्या, शेती केली. अंध मुलींना बोटांनी ब्रेल वाचायला शिकवलं. रमाबाईंनी बायबलचं साध्या बायकांना कळेल अशा मराठीत भाषांतर केलं, त्याचे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवायला छापखान्यात याच मुली. म्हणजे धर्मप्रचार आणि हाताला काम, दोन्ही एकाच टेबलावर. त्यातून एक वेगळं कसं काढणार? मला तरी जमलेलं नाही.