जुन्या इंजिनाचा वॉटर पंप घरी बदलता येईल का?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची जुनी पेट्रोल गाडी आहे. रेडिएटरमधलं पाणी सारखं कमी होतं. वॉटर पंपाखाली हिरवट-पांढरा थर साचला आहे आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूने घरघर ऐकू येते. पंप मी स्वतः बदलू शकेन का?

उत्तर : बदलू शकाल, पण आधी दोष पंपातच आहे ना, हे पाहा. पंपाच्या दांड्याखाली एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, एवढ्यासाठी. ओघळ त्या भोकातून आलेला असेल, तर सील गेलं. काही जण ते भोक लांबी (पुट्टी) लावून बुजवतात. कृपा करून तसं करू नका. पाणी बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि बेअरिंग जॅम होतं.

घरघरीचं म्हणाल, तर इंजिन थंड असताना बेल्ट काढा आणि पंपाची पुली दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून पाहा. थोडा जरी खेळ जाणवला, तरी बेअरिंग संपलं. त्याच वेळी अल्टरनेटरही (बॅटरी चार्ज करणारा भाग) हाताने फिरवून बघा, कारण त्याचा आवाजही असाच येतो.

पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडावेत म्हणून असलेला बेल्ट) चालत असेल, तर मात्र पहिल्यांदा जाणकार माणूस सोबत घ्या. तो बेल्ट बसवायच्या खुणा एक दात जरी चुकल्या तरी इंजिन नीट चालत नाही, बिघडूही शकतं, आणि एवढं उघडल्यावर बेल्टही नवाच घालायचा.

आता बोल्ट. जुन्या इंजिनात खरी कसोटी इथेच लागते. पंपाचे काही बोल्ट थेट पाण्याच्या वाटेत उतरलेले असतात. वर्षानुवर्षं गंजून ते मधोमध बारीक झालेले असतात, डोकं मात्र वरून चांगलं दिसतं. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी आखूड पाना घ्या; लांब पान्याने जोर किती लागतोय ते हाताला कळत नाही. आधी किंचित आवळा, मग सोडा, पुन्हा आवळा. बोल्ट करकर करत, अडत-अडत फिरत असेल तर सुटतो आहे. पण पाना एकदम मऊ, रबर पिळल्यासारखा फिरायला लागला, तर तिथेच हात थांबवा. बोल्ट सुटत नाहीये, पिळला जातोय. पुन्हा तेल द्या, थोडी ऊब द्या, वाट पाहा. तुटलेला बोल्ट काढायला पंप बदलण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

बोल्टांची लांबीही सारखी नसते. पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून ज्या भोकातला बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट उथळ भोकात गेला, तर तो तळाला टेकतो आणि पंप आवळलाच जात नाही.

जुनं पॅकिंग खरवडताना उघड्या तोंडात कापडाचा बोळा घाला. भाग ॲल्युमिनियमचा असेल तर प्लास्टिकची पट्टी वापरा. एक खोल ओरखडासुद्धा पाझरायला पुरतो. नवा पंप जुन्याशेजारी ठेवून भोकं, पुलीची उंची, पंपातल्या पंख्याची खोली जुळवा. जुन्या पंपाची पाती खाल्लेली दिसली, तर आजवर बहुधा नुसतं नळाचं पाणी भरलं गेलं असेल. यापुढे कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

पाण्यात उतरणाऱ्या बोल्टांच्या आट्यांना सीलंट लावा. सगळे बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळा. ६ मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, तरी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम. बेल्ट फार ताणू नका. नवं बेअरिंग त्यानेच लवकर जातं.

कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा. बहुतेक थर्मोस्टॅट (तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडतात. तो उघडला की वरचा होज पटकन तापतो, अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघते आणि पातळी खाली जाते. तेवढं भरून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना पुन्हा पाहा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं बंद झाकण कधीही उघडू नका.

आणि काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका, जमिनीवरही ओतू नका. ते चवीला गोड लागतं, म्हणून कुत्री ते चाटतात, मांजरंही तोंड लावतात, आणि थोड्याशानेही दगावू शकतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला विचारा, बरेच जण तेही घेतात.