बर्नहॅम मार्केट बघायला जा, राहायला किंग्ज लिनच घे

तू लिहिलंस, की इंग्लंडच्या नॉर्फकमधल्या किंग्ज लिनच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी पक्की झाली, नवरा आणि तीन वर्षांची लेक बरोबर येणार आहेत. त्याच भागातल्या बर्नहॅम मार्केट गावाचे फोटो पाहून जीव जडलाय आणि तिथलं एक कॉटेज ऑक्टोबरपासून परवडेल अशा भाड्यात मिळतंय, तर घेऊ का? घेऊ नकोस गं. हीच चूक मी केली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ते भाडं. आमच्या वेळी त्या गावात ऑक्टोबरात स्वस्त दिसणारं घर बहुतेक वेळा 'विंटर लेट' असायचं, म्हणजे ईस्टरपर्यंतच तुमचं. पुढे उन्हाळाभर तेच घर आठवड्याच्या हिशेबाने पर्यटकांना जायचं आणि आठवड्याला जे भाडं मिळायचं ते आपल्यासारख्याला महिन्यालाही झेपायचं नाही. आमच्या एजंटाने हे तोंडाने सांगितलं नाही. करारात होतं, पण मी तारखेकडे नीट पाहिलं नाही. मार्चमध्ये घर सोडा म्हणून पत्र आलं, तेव्हा मुलगी नुकती शाळेत रुळली होती. त्या दिवशी ती फार रडली. तू करार हातात आला की तो नीट वाच आणि एजंटाला लेखी विचार, की उन्हाळ्यात हे घर आमच्याकडेच राहील का.

गाव सुंदर आहे, यात शंका नाही. मधोमध हिरवळ, दोन्ही अंगांना जॉर्जियन काळातली, म्हणजे अठराव्या शतकाच्या आसपासची घरं, मासळीचं दुकान, द होस्ट नावाचं जुनं हॉटेल. लंडनचे पैसेवाले इतके येतात, की त्याला समुद्रकाठचं चेल्सी म्हणतात (चेल्सी म्हणजे लंडनमधली श्रीमंतांची वस्ती). पण नोव्हेंबरात एखाद्या मंगळवारी संध्याकाळी जाऊन बघ. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मग कळतं, किती खिडक्यांत दिवा लागतो ते. आमच्या गल्लीत नऊ घरं होती, उजेड दोनांतच. मी वेंगुर्ल्याची, बंद घरं मला नवीन नाहीत. पण आपल्याकडे कुलूप लावून गेलेला चाकरमानी गणपतीला येतोच, आणि आला की घर त्याचंच, गावही त्याचंच. इथे कुलूप बाहेरच्याचं आणि गावात जन्मलेली पोरं घर परवडत नाही म्हणून दुसरीकडे. गावकऱ्यांनाही हे सलतंच. 2023 साली त्यांनी मतदान करून ठरवलं, की यापुढे नवीन बांधलेलं घर कायम राहणाऱ्यालाच मिळावं. एप्रिल 2025 पासून त्या भागात दुसऱ्या घराला काउन्सिल टॅक्सही, म्हणजे आपली घरपट्टी, दुप्पट झालाय. जुन्या घरांना मात्र मतदानाचा तो नियम लागू नाही.

आता तुझी ड्युटी. गावात रेल्वे होती, पण प्रवासी गाड्या 1952 सालीच बंद झाल्या. किंग्ज लिनहून हन्स्टंटनमार्गे 36 नंबरची बस येते, पण बारा तासांच्या पाळीला तिच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणजे गाडी हवीच. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बाराच महिने चालवता येतं, आणि ते बदलूनही मिळत नाही; लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आल्या आल्या प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा अर्ज कर, कारण परीक्षेची तारीख मिळायला महिने जातात. तोवर किंग्ज लिनमध्ये, हॉस्पिटलच्या बसमार्गावर घर बघ. लंडनची रेल्वेगाडीही तिथूनच सुटते, दोन तासांच्या आत किंग्ज क्रॉस स्टेशन.

फिरायला मात्र नक्की जा. लेकीला होल्कमच्या किनाऱ्यावर ने. पाइनच्या झाडीतून बाहेर पडलं की पुळण संपतच नाही. ओहोटीला समुद्र इतका आत जातो, की आपल्या माणसाला खरं वाटत नाही. आणि तिथेच जपायचं. भरती समोरून येताना दिसत नाही, मागच्या खाड्या आधी भरतात आणि माणूस वाळूच्या पट्ट्यावर अडकतो. जवळच्या वेल्स नावाच्या गावात त्यासाठी भोंगा वाजवतात. तो ऐकला की सामान गोळा करत बसू नकोस, लेकीला उचल आणि किनाऱ्याकडे चालू लाग. निघण्यापूर्वी भरतीची वेळ बघायची सवय लाव, कोकणातल्या माणसाने तरी ती विसरू नये.

येताना वाटेत ब्रँकेस्टर गावी थांब. तिथे मसल्स नावाचे शिंपले मिळतात, आपले शिनाणेच. पहिल्या हिवाळ्यात मी ते नारळाच्या वाटणात केले होते, नारळाचं दूध डब्यातलं असलं तरी. घरभर वास सुटला तेव्हा कितीतरी आठवड्यांनी नवरा मनापासून जेवला. तिरफळं तेवढी तिकडूनच घेऊन ये, इथे सहज मिळत नाहीत; आणि विमानाची तारीख ठरली की कळव, पहिले चार दिवस आमच्याकडेच उतरा.