मिरर लेन्स घ्यायच्या आधी

कॅमेऱ्याची, दूरचं जवळ आणणारी ५०० मिमीची मिरर लेन्स बघून मोह होणारच: एवढीशी, हलकी आणि स्वस्त. आतले आरसे प्रकाश दुमडतात, म्हणून नळी आखूड. पण अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, बहुधा एफ/८ वर, म्हणजे लहानच, कायमचं अडकलेलं, आणि फोकस बहुतेक वेळा हातानेच. खरी कसोटी तिथेच लागते. व्ह्यूफाइंडर अंधुक, त्यात जरा हात हलला की गेलं. मधल्या छोट्या आरशामुळे मागच्या पानांवरचे प्रकाशाचे ठिपके बांगड्यांसारखे दिसतात. काहींना आवडतात, मला नाही. चंद्रासाठी खुशाल घे. उडते पक्षी टिपायचे असतील तर मात्र ऑटोफोकसवाली ३०० मिमी एफ/४ बघ, फोटो क्रॉप करावा लागला तरी चालेल. आणि हातात धरून ५०० मिमी वापरताना शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको.