अंथरूण पाहून पाय पसरणारे व्हिलन

प्रश्न : नमस्कार दादा, मी सांगलीचा, बँकेत कॅश काउंटरला बसतो. जरा लाजतच विचारतोय. माझा भाचा कॉमिक्समधल्या थॅनॉस, जोकर असल्या बड्या व्हिलन लोकांचा फॅन, आणि मला मात्र पहिल्यापासून ते साइडचे चोर आवडतात, शॉकर, कॅप्टन कोल्ड वगैरे. भाचा म्हणतो मामा तुझी टेस्टच लो आहे. बरं हे लोक लुटतात काय तर बँका, म्हणजे खरं तर मी त्यांच्यावर चिडायला पाहिजे ना? मग असं का होत असेल?

उत्तर : टेस्ट वगैरे काही लो नाही, सांगा भाच्याला. थॅनॉसला अर्धं विश्व गायब करायचं असतं, ठीक आहे, पण सकाळी उठून असं काही करावंसं तुम्हाला मला कधी वाटलंय का? शॉकरला काय हवं असतं? पैसे, आणि पैसे घेऊन धडपणे घरी पोचणं. एवढंच. कॅशला बसणाऱ्या माणसाला हे नाही कळणार तर कुणाला कळणार, संध्याकाळी कॅश टॅली झाली की सुटलो, हीच तुमची प्रार्थना आणि तीच त्याची.

आता शॉकरचंच बघा. हर्मन शुल्ट्झ, १९६७ साली स्पायडर-मॅनच्या ४६व्या अंकात पहिल्यांदा आला. शाळा अर्धवट सोडलेला, तिजोऱ्या फोडण्यात एक नंबर, पकडला गेला, मग जेलच्या वर्कशॉपमध्ये बसून हाताला बांधायचं हादरे मारणारं यंत्र बनवलं आणि त्याच्याच जोरावर बाहेर पडला. ना कुठला किरणोत्सर्गी अपघात ना बापाच्या खुनाचा बदला, सरळ आयटीआयवाला माणूस! आणि त्याच्या त्या पिवळ्या गोधडीसारख्या ड्रेसला लोक हसतात पण गोधडी का, तर स्वतःच्याच यंत्राचे हादरे अंगाला बसू नयेत म्हणून. म्हणजे स्पायडर-मॅनवाल्या अख्ख्या मार्वल कंपनीच्या कॉमिक्समध्ये सेफ्टीचा विचार करून ड्रेस घालणारे जे मोजके लोक असतील त्यात हा एक. पहिल्या झटापटीत त्याने स्पायडर-मॅनला चक्क हरवलं (स्पायडीचा एक हात तेव्हा गळ्यात अडकवलेला होता ते सोडा). पुढच्या वेळी स्पायडीने काय केलं तर जाळं टाकून त्याचे अंगठेच ओढून धरले, कारण यंत्राचं बटण अंगठ्याने दाबायचं असायचं. संपला विषय. मला हा शेवट फार आवडतो, जग वाचवणं वगैरे काही नाही, एक बटण आणि दोन अंगठे.

कॅप्टन कोल्ड त्याहून पुढचा. लेन स्नार्ट, डीसी म्हणजे मार्वलच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा, १९५७ पासूनचा. भुरटा चोर होता, फ्लॅश नावाच्या विजेच्या वेगाने पळणाऱ्या हिरोच्या हातून पकडला गेला, तेव्हा त्याने बसून विचार केला की या पळणाऱ्या माणसाचं आधी काहीतरी केल्याशिवाय आपला धंदा चालणार नाही. फ्लॅशचा वेग अडवायला म्हणून बंदूक बनवली, ती चार्ज करायला सायक्लोट्रॉनच्या (अणूंचे कण वेगाने फिरवणारं यंत्र) लॅबमध्ये घुसला आणि रखवालदार समोर आल्यावर घाबरून घोडा दाबला तर तिच्यातून निघाली थंडी. ठरवलं होतं एक, झालं भलतंच, पण पठ्ठ्याने जे हातात आलं त्यावर करिअर काढलं!

आणि नंतरच्या लेखकांनी त्याच्या टोळीला, म्हणजे रोग्ज मंडळींना, नियम दिले. ड्रग्ज घ्यायची नाहीत, बायकामुलांना मारायचं नाही, आणि मुख्य म्हणजे फ्लॅशला मारायचं नाही. यात दयामाया आहे असं समजू नका हं. फ्लॅश मेला तर बाकीचे सगळे हिरो आपल्या मागे लागणार, हा साधा हिशेब. २००७ मध्ये ते दुसऱ्याच एकाच्या नादी लागले आणि त्यांच्या हातून तेव्हाचा फ्लॅश (हे नाव वेळोवेळी वेगवेगळ्यांनी घेतलंय), बार्ट ॲलन, मेला, आणि झालं अगदी तेच, कुठे तोंड लपवायला जागा उरली नाही. स्वतः केलेला नियम स्वतःच मोडला आणि तोंडावर आपटले.

भाच्याला एक गोष्ट जरूर दाखवा, जस्टिस लीगच्या कार्टूनमधला २००६चा फ्लॅशवाला भाग. रोग्जपैकीच एक, ट्रिकस्टर, बारमध्ये बसलाय, बॅटमॅन त्याला दरडावून माहिती काढायच्या बेतात, आणि फ्लॅश शेजारी बसून शांतपणे विचारतो, औषधं घेणं बंद केलंस ना, अरे तू परत तो ड्रेस घातलायस. आणि त्याला समजावून आपणहून हॉस्पिटलला परत जायला तयार करतो. थॅनॉसशी असं बोलता येईल का कुणाला? व्हिलन छोटा असला की हिरोला मारामारी सोडून दुसरंही काही करायला वाव मिळतो.

प्रश्न : वरच्यासारखे प्रश्न तुमच्याकडे बरेच येतात वाटतं. पण दादा चोर तो चोरच ना? इतकं कौतुक कशाला? (एक वाचक ताई, ठाणे)

उत्तर : ताई, मुद्दा बरोबर आहे आणि माझं थोडं चुकतंच. हे लोक असे गोंडस झाले त्याला एक कारण सेन्सॉरही आहे. अमेरिकेत १९५४ला कॉमिक्स कोड आला, त्यात गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, त्याच्याबद्दल सहानुभूती वाटेल असं दाखवायचं नाही, रक्तपात नको, असं सगळं होतं. मग उरलं काय, तर विचित्र ड्रेस घालून बँक लुटणारे आणि शेवटच्या पानावर जेलमध्ये जाणारे. म्हणजे गंमत बघा, सहानुभूती नको म्हणून केलेल्या नियमातूनच आपल्याला सगळ्यात जास्त सहानुभूती वाटणारी माणसं निघाली.

पण हिशेबी माणूस म्हणजे चांगला माणूस नव्हे हेही खरंच. २०१७च्या स्पायडर-मॅन सिनेमातला व्हल्चर, मायकल कीटनने केलाय तो, मलबा उचलण्याचा कॉन्ट्रॅक्टर. कामासाठी नवे ट्रक घेऊन बसला आणि वरून ऑर्डर आली की आता हे काम सरकारी खातं आणि टोनी स्टार्कची (म्हणजे आयर्न मॅनची) माणसं करणार. आपल्याकडे टेंडर भरलेला कुठलाही माणूस हा सीन बघून खुर्चीत सरसावून बसेल. नंतर तो कित्येक वर्षं चोरीची हत्यारं बनवून विकतो आणि अव्हेंजर्सच्या, म्हणजे बड्या हिरोंच्या टोळीच्या, नजरेत येणार नाही इतकंच करतो, घर चालतं, पोरगी शाळेत. सगळं तो मोजतो फक्त ती हत्यारं कुणावर चालली ते त्याच्या वहीत कुठेच नाही. तिथे माझं कौतुक थांबतं, खरंच. आणि बुडतो कधी, तर एकदाच मोठा हात मारू म्हणून अव्हेंजर्सचं विमान लुटायला जातो तेव्हा.

प्रश्न : लेखकांना असले व्हिलन नकोसे होतात का हो?

उत्तर : कधी कधी होतात. १९८६ला कॅप्टन अमेरिकाच्या एका अंकात मार्क ग्रुनवाल्डने अशा सतरा-अठरा जणांना एका बारमध्ये एकाच दिवशी उडवलं. स्कर्ज नावाचा कुणीतरी आपल्यातल्यांना एकेक करून मारतोय, काय करायचं, याची मीटिंग भरली होती, आणि बारवाल्याच्या वेषात होता तोच स्कर्ज. मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं. बिचारे मीटिंगला आले होते हो!

प्रश्न : माझा प्रश्न बालिश आहे पण विचारतेच, यांचे ते ड्रेस शिवतं कोण? (इयत्ता ९वी, कोल्हापूर)

उत्तर : अजिबात बालिश नाही, उलट सगळ्यात भारी प्रश्न. फ्लॅशच्या शहरात पॉल गॅम्बी नावाचा टेलर आहे, १९६३ला आला, रोग्ज मंडळींचे कपडे तोच शिवतो, म्हणजे यांच्या धंद्यावर अजून एकाचं दुकान चालतं. आणि हे नाव आलं कुठून माहितीये, कॉमिक्सला सारखी पत्रं पाठवणाऱ्या पॉल गॅम्बाचिनी नावाच्या एका वाचकावरून, जो पुढे ब्रिटनमध्ये रेडिओवर फेमस झाला. तेव्हा पत्रं पाठवत राहा.